सातवा उतारू आला की सुटणारी प्युजो

प्युजो म्हटलं की आपल्याला १९९० च्या दशकात कल्याणला बनलेली ३०९ आठवते. पश्चिम आफ्रिकेत प्युजो म्हणजे ५०४. सेनेगलच्या मोटारस्टँडवर वर्षानुवर्षं तिच्या लांब स्टेशन वॅगन उभ्या असायच्या. आत सीटांच्या तीन रांगा, ड्रायव्हर सोडून सात माणसं, टपावर दोरीनं करकचून बांधलेलं सामान. तिचं नावच ‘सेत प्लास’, म्हणजे सात जागा. वेळापत्रक नाही, सातवा उतारू आला की गाडी सुटणार. वडापनं फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

मुळात ही गाडी बेतली ती फ्रान्समधल्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी. १९६८ च्या मे महिन्यात तिथे संप पेटले आणि तिचं आगमन लांबलं. ११ जूनला पोलीस प्युजोच्या सोशो इथल्या कारखान्यात घुसले. त्या दिवशी दोन कामगारांचा जीव गेला. ५०४ विषयी लिहिताना इटालियन डिझाइन कंपनी पिनिनफारिनानं दिलेल्या रूपाचं, त्या तिरक्या दिव्यांचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण ते दोन कामगारही तिच्या गोष्टीत असलेच पाहिजेत. गाडी सप्टेंबरमध्ये लोकांसमोर आली आणि १९६९ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली.

तिचा खरा गुण मात्र खाली वाकून पाहावा लागतो. सलूनची, म्हणजे डिकीवाल्या साध्या ५०४ ची, मागची दोन्ही चाकं स्वतंत्र. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याचा हिसका बसत नाही. स्प्रिंगा मऊ, चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा. स्टेशन वॅगनला ओझं वाहायचं, म्हणून तिला मागे अखंड अ‍ॅक्सल आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार कॉइल स्प्रिंगा. इंजिनाच्या सिलिंडरचे लायनर सुटे. झिजले की जुने काढायचे, नवे बसवायचे. ब्लॉक बोअरिंगला न्यायची गरज नाही. दगडधोंड्यांच्या रस्त्यावर आणि झाडाखालच्या गॅरेजात याहून मोलाचं काय असतं? पूर्व आफ्रिकेतली खडतर सफारी रॅली ५०४ नं १९७५ साली जिंकली. १९७८ साली तिच्या कूपेनं ती पुन्हा जिंकली.

फ्रान्समध्ये सलून १९८३ साली बंद झाली. नायजेरियातल्या कडुना शहरात मात्र त्यानंतरही वीसहून अधिक वर्षं ५०४ जोडल्या जात होत्या.