नागपूरला गाडी बदलताय?

मंडळी, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपूर ते सेवाग्राम एकाच पट्ट्यातून जातात, त्यात कोळशाच्या मालगाड्या. बुटीबोरी-सिंदीकडे एक गाडी अडकली की मागच्या रखडल्याच! तिसरी-चौथी लाइन पूर्ण क्षमतेने चालणं हाच खरा इलाज. नुसतं वेळापत्रक बदलून भागणार नाही, हे माझं ठाम मत.

तोवर दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घ्या. २०१९ पासून ही सोय आहे, पण कित्येकांना ठाऊकच नाही. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली, तर नियमानुसार दुसरीचे पैसे परत मागता येतात. प्रवाशांचा तपशील मात्र दोन्हीकडे तंतोतंत तोच हवा.

आणि हो, पुण्याची वंदे भारत नागपूर स्थानकाहून नव्हे, अजनीहून सुटते. हाताशी वेळ ठेवा.