मधुमेहाचा शोध आणि उंदरांचा एक वंश

अनेकदा बालवयात उद्भवणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचे रक्षण करणाऱ्या श्वेत पेशीच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करतात. लक्षणे दिसेपर्यंत हा नाश बराच पुढे गेलेला असतो. आणि रुग्णाच्या स्वादुपिंडाचे तुकडे वारंवार काढून तपासणे शक्य नसते. त्यामुळे संशोधकांना उंदरांकडे वळावे लागले.

जपानमधील शिओनोगी प्रयोगशाळेत मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांची पैदास चालू असता, लठ्ठ नसूनही मधुमेह होणारा एक वंश हाती लागला. माकिनो व सहकाऱ्यांनी १९८० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ‘नॉड’ या नावाने तो ओळखला जातो. त्यांच्यात चौथ्या-पाचव्या आठवड्यापासूनच श्वेत पेशी बीटा पेशींच्या पुंजक्यांभोवती जमू लागतात. रोग प्रकटतो तो मात्र साधारणतः बाराव्या आठवड्यानंतर. कारणे शोधण्याची संधी या मधल्या काळातच मिळते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा खरा, परंतु जंतुसंसर्ग असलेल्या पिंजऱ्यांतील उंदरांत हा रोग कमी आढळतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. या वंशात माद्यांना रोग नरांपेक्षा कितीतरी अधिक होतो; मुलामुलींत असा भेद नाही. तोंडावाटे दिलेल्या इन्शुलिनने उंदरांतील रोग रोखला, माणसांत मात्र अपेक्षित यश आले नाही. उलट, टी-पेशींना आवर घालणाऱ्या प्रतिपिंडाचा या उंदरांवरील प्रयोग १९९४ मध्ये यशस्वी झाला, आणि त्याच जातीच्या टेप्लिझुमॅब या औषधास २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग प्रकट होणे त्यामुळे सुमारे दोन वर्षे लांबते.