‘आई, त्या काकांचा हात असा का गं?’

एस.टी.च्या गाडीत, लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत नाही तर दवाखान्याच्या बाकावर असा प्रश्न कधी ना कधी ऐकू येतोच. विचारणारे पोर असते तीन-चार वर्षांचे. आवाज खणखणीत आणि बोट थेट समोरच्या माणसाकडे. ‘‘आई, त्या काकूंच्या तोंडावर पांढरं पांढरं काय आहे?’’ ‘‘बाबा, हे आजोबा एवढेसेच कसे?’’ आजूबाजूच्या माना वळतात. ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे ते दुसरीकडे बघू लागतात. आईला तर धरणी पोटात घेईल तर बरे, असे होऊन जाते. मग एक चापट किंवा तोंडावर हात, आणि ठरलेले वाक्य, ‘‘गप्प बस! असं बोलू नये.’’

प्रसंग दोन मिनिटांत संपतो, पण मूल त्यातून जे शिकते ते फार दिवस टिकते. हा प्रश्न नुसत्या रीतभातीचा नाही, आरोग्याचाही आहे. म्हणून आजच्या लेखासाठी हा विषय घेतला आहे.

मूल असे का बोलते?

पालकांनी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की या वयातले मूल उद्धट म्हणून असे बोलत नाही. दोन ते पाच या वयात ते दिसेल त्या वस्तूची वर्गवारी करत असते. मोठे-लहान, काळे-पांढरे, सरळ-वाकडे. नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले की ते विचारते. गाईचे शिंग मोडलेले दिसले तरी विचारते आणि माणसाचे बोट वाकडे दिसले तरी विचारते.

दुसरे म्हणजे, आपल्या मनात आहे ते दुसऱ्याच्या मनात नसते, ही समज जन्मतः नसते, ती हळूहळू येते. १९८३ साली विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मुलगा ते कोठे शोधील? लहानग्यांनी सांगितले, दुसऱ्या कपाटात! आपल्याला ठाऊक आहे म्हणजे त्या मुलालाही ठाऊक असणारच, असा त्यांचा हिशेब. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून मुले बरोबर उत्तर देऊ लागतात. आपल्या बोलण्याने समोरच्याला वाईट वाटेल, हे उमगण्यासाठीही हीच समज लागते. ती यायच्या आधी मुलाला मारून काय उपयोग?

दटावले की काय होते?

मुलाने विचारले हाताबद्दल. उत्तर मिळाले चापटीचे. त्याने निष्कर्ष काढला की त्या माणसात काहीतरी भयंकर आहे, इतके की त्याचे नावही काढायचे नाही. पुढच्या वेळी ते विचारत नाही, दूर सरकते. त्याहून वाईट म्हणजे काही घरांतली नेहमीची धमकी, ‘‘हट्ट केलास तर तुझंही तसंच होईल.’’ ‘‘पाप केलं म्हणून देवानं शिक्षा दिली.’’ येथे आजार म्हणजे गुन्हा, हे मुलाच्या मनात पक्के होते, आणि गुन्हा कोणीही लपवतोच.

आता कुष्ठरोगाचे उदाहरण घेऊ. त्याची सुरुवात बहुधा एखाद्या फिकट किंवा लालसर चट्ट्याने होते. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. तेथे स्पर्श कळत नाही, एवढेच. त्रास नाही म्हणून कोणी घाई करत नाही, आणि त्यात भीती असली तर चट्टा सदऱ्याखाली झाकला जातो. तोवर मज्जातंतूंची हानी होते, हातापायांना बधिरता येते, बोटे वाकडी होतात. वाकड्या बोटांचे पुष्कळ हात हे असे उशिरा मिळालेल्या उपचाराचे फळ असते.

वास्तविक हा रोग पूर्ण बरा होतो. त्याचा जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ साली शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरणे थांबते. उपचार पूर्ण झालेल्या माणसाची बोटे वाकडी राहिली तरी त्याच्यापासून कोणालाही धोका नसतो. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली, तरी गावात अशा माणसाला चहाचा कप वेगळा ठेवणारे आजही भेटतात. यातले कोणीही जन्मतः तसे नव्हते.

कोडाची गोष्ट वेगळी, पण हाल तेच. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तेथे स्पर्श नीट कळतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड होते, हेही खरे नाही. आणि ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठाचे भाग नीट जुळले नाहीत, तर तसे होते आणि ते शस्त्रक्रियेने दुरुस्त होते.

मग उत्तर काय द्यावे?

थोडक्यात, खरे आणि नेहमीच्या आवाजात द्यावे. कुजबुजले की मुलाला वाटते, काहीतरी लपवण्यासारखे आहे. काही नमुने देतो.

वाकड्या बोटांविषयी: ‘‘काकांना पूर्वी आजार झाला होता. आता ते बरे आहेत. बोटं तशी राहिली.’’

कोडाविषयी: ‘‘काकूंच्या कातडीचा रंग काही जागी गेलाय. दुखत नाही. कोणाला लागतही नाही.’’

बुटक्या माणसाविषयी: ‘‘काही माणसं उंच होतात, काहींची उंची कमी राहते. ते मोठेच आहेत, आजोबांएवढे.’’

भाजल्याच्या व्रणाविषयी: ‘‘त्यांना भाजलं होतं. जखम भरली, खूण राहिली.’’

ज्यांच्याविषयी बोलणे झाले, त्यांच्याकडे पाहून हसावे. ‘‘लहान आहे, सगळंच विचारतो’’ एवढे म्हणावे. पुष्कळदा ते स्वतःच मुलाशी बोलू लागतात. न बोलले तर आग्रह धरू नये. प्रवासात प्रत्येकाला आपल्या आजाराची कथा सांगत बसणे, हे काही त्यांचे कर्तव्य नव्हे. घरी आल्यावर मुलाला जवळ घेऊन सांगावे, ‘‘विचारलंस ते चांगलं केलंस. पण बोट दाखवलं की माणसाला वाईट वाटतं. पुढच्या वेळी माझ्या कानात विचार.’’ पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे चांगले समजते. सातव्या-आठव्या वर्षानंतरही कोठे काय बोलावे हे मुलाला अजिबात उमगत नसेल, इतर मुलांत ते मिसळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न वेगळा, चिडवणे वेगळे

‘‘त्या मावशी जाड का?’’ हा प्रश्न आहे. ‘‘ए ढब्बे!’’ हे चिडवणे आहे. पहिल्याला उत्तर द्यावे, दुसऱ्याला तेथल्या तेथे थांबवावे. मात्र थांबवण्यापूर्वी हा शब्द पोराने कोठे ऐकला, याचाही विचार करावा. पाहुणे आल्याबरोबर ‘‘अगंबाई, किती वाळलीस!’’, ‘‘उन्हानं रंग पार दबला की गं!’’ असे स्वागत आपल्याकडे सर्रास होते. मुलगी सावळी झाली म्हणून बारशातच सुस्कारे टाकणारी मंडळी काही थोडी नाहीत. लहान मूल हे सारे ऐकत असते.

एक सोपा परिपाठ

आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी मुलाचे अंग उजेडात नीट पाहावे. पाठ, कुल्ले, दंड, मांड्या. फिकट वा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटवून तेथे कापसाचा बोळा हलकेच टेकवावा आणि मुलाला बोटाने जागा दाखवायला सांगावे. जागा दाखवता आली तरी डॉक्टरांना दाखवावेच. नाही दाखवता आली तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आणि मूल आपण होऊन सदरा वर करून ‘‘हे काय आहे?’’ म्हणून दाखवायला आले, तर हातातले काम बाजूला ठेवून आधी ते बघावे.