मल्टिबूट पेन ड्राइव्ह

ज्या पेन ड्राइव्हवरून एकाहून अधिक संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करता येतात त्यास मल्टिबूट पेन ड्राइव्ह असे म्हणतात. संगणक सुरू होताना पडद्यावर उपलब्ध प्रणालींची यादी दिसते व वापरकर्ता त्यांपैकी एक निवडतो. नवी प्रणाली स्थापित करणे, बंद पडलेल्या संगणकातील माहिती वाचवणे आणि लिनक्सची चाचणी घेणे यांसाठी त्याचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

सीडीवरून संगणक सुरू करण्याचे ‘एल टोरिटो’ हे मानक १९९५ मध्ये आले. यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट हे प्रमुख होते. २००० पासून पेन ड्राइव्ह बाजारात मिळू लागले. मात्र संचालन प्रणालीची आयएसओ प्रतिमा नेहमीच्या पद्धतीने पेन ड्राइव्हवर उतरवल्यास ती संपूर्ण ड्राइव्हचा ताबा घेते. त्यामुळे प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा ड्राइव्ह लागत असे.

कार्यपद्धती

संगणकातील बायोस किंवा यूईएफआय प्रथम पेन ड्राइव्हवरील बूटलोडर चालवते. बूटलोडर यादी दाखवतो आणि निवडलेल्या प्रतिमेतील कर्नल स्मृतीत आणतो. खरी अडचण यापुढे येते. कर्नल सुरू झाल्यावर बूटलोडरचे काम संपते आणि उरलेल्या फाइली कोणत्या आयएसओमध्ये आहेत हे कर्नलला स्वतः शोधावे लागते. ग्रब या बूटलोडरमध्ये ‘लूपबॅक’ आज्ञेने आयएसओ उघडता येते. परंतु तिचा मार्ग कर्नलला कळवण्याची रीत प्रत्येक लिनक्स वितरणात वेगळी असते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेंटॉय या मुक्तस्रोत साधनाने हे काम सोपे केले. ते ड्राइव्हचे दोन विभाग करते: आयएसओ फाइली ठेवण्यासाठी एक मोठा विभाग आणि बूटलोडरसाठी ३२ एमबीचा छोटा विभाग. निवडलेली आयएसओ सुरू होणाऱ्या प्रणालीस आभासी डिस्कप्रमाणे दिसते.

तयार करण्याची पद्धत

१. ड्राइव्हवरील माहितीची प्रत अन्यत्र घ्यावी लागते, कारण व्हेंटॉय स्थापित करताना ती पुसली जाते.
२. प्रणालीची आयएसओ अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन तिची एसएचए-२५६ बेरीज पडताळली जाते.
३. व्हेंटॉय चालवून योग्य ड्राइव्ह निवडला जातो. येथे चूक झाल्यास दुसऱ्याच डिस्कवरील माहिती नष्ट होऊ शकते.
४. आयएसओ फाइली मोठ्या विभागात नेहमीप्रमाणे कॉपी केल्या जातात.
५. संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला जातो. ही कळ उत्पादकानुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते.

मर्यादा

फॅट३२ रचनेत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. विंडोज ११ ची प्रतिमा याहून मोठी असल्याने व्हेंटॉय मूलतः एक्सफॅट रचना वापरते. सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकात प्रथम वापरावेळी व्हेंटॉयची कळ नोंदवावी लागू शकते. व्हेंटॉयच्या स्रोतात काही तयार द्विमान फाइली असल्याबद्दल मुक्तस्रोत समुदायात आक्षेपही घेतले गेले आहेत. विंडोजच्या वापरासाठी परवाना स्वतंत्रपणे आवश्यक असतो.

उपयोग

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक त्यास पात्र ठरत नाहीत. अशा संगणकांवर लिनक्सची निरनिराळी वितरणे ‘लाइव्ह’ स्वरूपात, हार्ड डिस्कवर काहीही स्थापित न करता, तपासता येतात. सी-डॅकने विकसित केलेली व मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देणारी बॉस ही प्रणाली त्यांपैकी एक होय. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८० टक्के लोकसंख्या ग्रामीण असलेल्या भंडारा जिल्ह्यासारख्या भागात या पद्धतीचा विशेष फायदा आहे. चांगले इंटरनेट असलेल्या ठिकाणी एकदा उतरवून घेतलेल्या प्रतिमा एकाच पेन ड्राइव्हवरून तुमसर, साकोली किंवा लाखांदूर येथील शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेटशिवाय वापरता येतात.