आजीच्या इन्सुलिनमागची जोडी

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी, आजीची इन्सुलिनची बाटली असते. परवा तिने विचारलं, "अरे, हे बनतं कशापासून?" मी म्हटलं, "बॅक्टेरियापासून." आजीने सुई खालीच ठेवली!

मग तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. १९२१ साली टोरोंटोत इन्सुलिन सापडलं. पुढे कित्येक दशकं ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. काहींना त्याची ॲलर्जी व्हायची. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनची कृती, म्हणजे जीन, ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातली. जिवाणू ते बनवू लागला. हे झालं जीवशास्त्र.

पण प्रयोगशाळेतल्या थेंबभर इन्सुलिनने किती जणांची साखर उतरणार? इथे इंजिनिअर आले. मोठाल्या टाक्यांत जिवाणू वाढवायचे, तर तापमान, ऑक्सिजन, ढवळणं, सगळं सांभाळावं लागतं. नंतर जिवाणू फोडून इन्सुलिन वेगळं काढायचं, पुन्हापुन्हा शुद्ध करायचं. १९८२ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली.

थोडक्यात, एकाला कृती सापडली, दुसऱ्याने त्यावर गावजेवण घातलं. दोघांपैकी एक जरी नसता, तरी आजीपर्यंत बाटली आली नसती.

"म्हणजे यात आता जिवाणू नाहीत ना?"

"एकही नाही, आजी."

तिने सुई उचलली. भेटू पुढच्या भागात!