नवे प्रोसेसर आणि जुना मराठी मजकूर

मराठवाड्यातील निजामकालीन दप्तराचा मोठा भाग उर्दूत व मोडीत आहे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कागद हाती असूनही ते वाचण्यासाठी या लिपींच्या जाणकारांचे साहाय्य घ्यावे लागले. लेख टिकणे आणि तो वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. संगणकावरील मराठी मजकुराबाबत हाच प्रश्न आज निराळ्या रूपाने उपस्थित झाला आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला तो विशेष लागू पडतो. कारण या जिल्ह्याचे सारे आयुष्यच संगणकाच्या काळातील आहे.

प्रोसेसर यंत्राज्ञा पाळतो. त्याची पडदा, कळफलक व साठवण यांच्याशी सांगड घालणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. नव्या प्रोसेसरला जुन्या प्रणालीच्या आज्ञा कळत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरच्या आज्ञा त्याच कुळातील आजचे प्रोसेसरही ओळखतात. तुटते ती भोवतालची सांगड. इंटेलच्या २०१५ मधील स्कायलेक पिढीत यूएसबीची जुनी नियंत्रक-योजना वगळली गेली. परिणामी विंडोज ७ च्या मूळ प्रतीला यूएसबीने जोडलेला कळफलकही ओळखता येईना. दुसरे कारण धोरणाचे. नव्या प्रोसेसरांवर केवळ विंडोज १० लाच आधार मिळेल, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये घोषित केले आणि २०१७ पासून अशा यंत्रांवरील विंडोज ७ व ८.१ च्या सुधारणा रोखल्या. २०२१ च्या विंडोज ११ ने उलट बाजूने अनेक जुने प्रोसेसरच अमान्य केले. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी यंत्रे आता झपाट्याने निकालात निघतील, हे उघड आहे.

याची झळ मराठीला अधिक का लागावी? इंग्रजी अक्षरांचे संकेतांक जुन्या व नव्या प्रणालींत एकच राहिले. देवनागरीचे तसे झाले नाही. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय २००० साली झाली. त्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फाँटांत टंकलिखित होत असे. या फाँटांत संकेतांक वर्णाला नसून आकृतीला असतो. 'कि' या अक्षरात वेलांटी आधी व 'क' नंतर साठविला जातो. युनिकोडमध्ये उच्चारक्रमानुसार 'क' आधी येतो. मूळ फाँट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन समूह तेवढा दिसतो. शिवाय अशा अनेक आज्ञावलींना प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचे डोंगल आवश्यक असे. ते पोर्टच आजच्या यंत्रांवर सहसा आढळत नाही.

समजा, कयाधूकाठच्या बोलीवरील एखादा प्रबंध २००१ साली अशा फाँटात लिहिला गेला. त्याची छापील प्रत ग्रंथालयात मिळेल. परंतु शब्दसंग्रह व मुलाखतींची टिपणे केवळ फाइलींतच असतील, आणि ती सांगणारी वृद्ध माणसे आज हयात असतीलच असे नाही. ती सामग्री पुन्हा गोळा करता येणार नाही.

म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मूळ फाइल व फाँटही जपून ठेवावेत. यंत्र बंद पडले असल्यास, नव्या संगणकात जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली वापरून जुनी प्रणाली चालविता येते. मात्र ती इंटरनेटला जोडू नये. रूपांतरानंतर मजकूर मुळाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ यांत चुका राहतात. प्रमाण मराठीत अशी चूक सहज ध्यानात येते. बोलीच्या सामग्रीत मात्र तीच चूक बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. हे ताडण्याचे काम यंत्राचे नव्हे, ती बोली जाणणाऱ्या अभ्यासकाचे आहे.