वर्धा पाहावे कसे?

सुटीत पुण्या-मुंबईकडची पाहुणेमंडळी आमच्याकडे उतरली की चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच प्रश्न येतो, "येथे पाहण्यासारखे काय आहे हो?" ताजमहाल पाहून आलेल्या डोळ्यांना मातीच्या कुट्या दाखवावयाच्या म्हणजे यजमानाची परीक्षाच! बहुतेक मंडळी टॅक्सी करून तासाभरात सेवाग्राम 'उरकतात', फाटकाशी फोटो काढतात आणि "छान आहे, शांत आहे" म्हणत नागपूरची वाट धरतात. त्यांची मला कीव येते.

प्रथम स्टेशनाचा घोळ. येथे स्टेशने दोन. मुंबई-हावडा मार्गावरचे वर्धा आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरचे सेवाग्राम. दुसऱ्याचे पूर्वीचे नाव वर्धा पूर्व. नाव सेवाग्राम असले तरी ते वर्धा शहरालगतच आहे. तेथे उतरून "आश्रम कोठे?" म्हणून पायी निघाल, तर मैलोगणती चालाल! आश्रम शहरापासून सुमारे आठ किलोमीटर आहे. रिक्षा करावी. आणि मे महिन्यात कृपा करून येऊ नये. आमचे ऊन पाहुणा-यजमान असा भेद करीत नाही. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ उत्तम.

आश्रमात सकाळी लवकर जावे. 'स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीला परतणार नाही' या १९३० च्या प्रतिज्ञेनंतर गांधीजी जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याकडे वळले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी या खेड्यात आले. गावाचे मूळ नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाची गल्लत होऊ लागली म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आधी आदि निवास पाहावा, तेथे सारेच दाटीवाटीने राहत. मग बापू कुटी. ती मुळात मीराबेनची. माती, बांबू, लाकूड, सारे आसपासचेच. येथे चपला काढून पाच मिनिटे तरी जमिनीवर बसावे. उभ्याने डोकावणाऱ्याला रिकामी खोलीच दिसते.

बापूंच्या दफ्तरात मुलांना न्यावेच. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थेट बोलता यावे म्हणून बसविलेल्या टेलिफोनची जागा तेथे आहे, आणि साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठीचा पिंजरा व चिमटाही! माझ्या मते मात्र आश्रमातली सर्वांत मोठी वास्तू म्हणजे ती लहानशी परचुरे कुटी. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, महारोग जडलेले. लोक ज्यांच्या सावलीलाही भीत, त्यांना गांधीजी रोज स्वतःच्या हातांनी मालीश करीत. पाहुणे नेमकी हीच कुटी चुकवितात. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून गेले ते परत आलेच नाहीत. सायंप्रार्थना आजही पिंपळाजवळ उघड्यावर होते; जमल्यास तिच्यासाठी थांबावे. मुक्कामाला समोरच यात्री निवास आहे.

दुपार शहरात काढावी. मगनवाडीतले १९३८ चे मगन संग्रहालय चरख्यांच्या तऱ्हांसाठी पाहावे. लक्ष्मीनारायण मंदिरही पाहावे. १९२८ मध्ये जमनालालजींनी ते दलितांना खुले केले. गोपुरीला गीताई मंदिर आहे, पण त्याला ना छप्पर ना मूर्ती. गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा तेवढ्या उभ्या आहेत.

उतरत्या उन्हात नागपूर रस्त्याने पवनार गाठावे. प्रकृती ढासळली म्हणून १९३८ मध्ये विनोबा धाम नदीकाठी राहावयास आले. शेत खणताना त्यांच्या कुदळीला भरत-राम भेटीचे शिल्प लागले; ते तेथेच प्रतिष्ठित आहे. १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. या भगिनी आजही तेथे श्रम करून राहतात, म्हणजे हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, कोणाचे तरी घर आहे. मोठ्याने बोलू नये, विचारल्यावाचून फोटो काढू नये. काही विचारले तर मात्र त्या आपुलकीने सांगतात. समोर नदीत गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची छत्री दिसते. पावसाळ्यात पात्रात उतरण्याचे धाडस नको.

परतताना गोरस भांडारातून गोरसपाक घ्यावा. फार ठिसूळ असतो. ताठ डबा नेला नाही तर घरी चुराच पोहोचेल.